आग्नेयेला मावळलेला सूर्य

कोल्हापूर,
१८ मार्च १९७४

प्रिय दादा,

सलाम. तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं की गाड्यांचं वेळापत्रक, हे मला ठरवता आलं नाही. ईस्टर चौदा एप्रिलला, सत्तावीसला सकाळी आठ वाजता बाळासोचा टेम्पो माझ्या दारात, संध्याकाळी पुण्यात तुझ्या खोलीत माझा पलंग! स्टेशनमास्तरकीतून सुटून तुला दहा वर्षं झाली, पण हातातली झेंडी काही सुटत नाही.

बाळासोला भेटले. दर शनिवारी तो गुळाच्या ढेपा घेऊन पुण्याला जातो. म्हणाला, "आक्का, ढेपांवर पलंग मावतोय की. तुमी म्होरं बसा माज्या शेजारी. पर जाताय कशापायी?" मी म्हटलं, "ते माझ्या दादाला विचार." तो म्हणाला, "मग ऱ्हाऊ द्या." तुझी कीर्ती टेम्पोवाल्यांपर्यंत पोचली आहे.

जानेवारीत मी न्हाणीघरात पडले, गुडघा भोपळ्याएवढा झाला, ताप भरला आणि त्या तापात मी तुला 'ईस्टर झाला की तुझ्याकडे येऊन राहते' असा शब्द दिला, हे खरं. दिलेला शब्द आपल्या घरात कुणी मोडलेला नाही, हेही खरं. पण दादा, मी पस्तीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात सिस्टर होते. तापातला माणूस काय बोलतो ते आम्ही कधी तक्त्यावर मांडत नसू.

आता बातमी. आमच्या चर्चच्या मंडळीला नवे पाळक आलेत, रेव्हरंड पगारे, नगरकडचे. येऊन तीन महिने झाले नाहीत, पण उत्साह असा की घंटा वाजवणाऱ्याला उसंत नाही. त्यांनी तरुण संघाची दिवसभराची पायी सहल ठरवली आहे. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी सहा एप्रिलला. जागा जोतिबाचा डोंगर. देवळाकडे नव्हे, देवळाच्या अलीकडून वळून कड्यावर तो उघडा कातळ आहे ना, जिथं बाबा आपल्याला घेऊन गेले होते, तिथं. वर बसून शास्त्रवाचन, प्रार्थना, मग डबे, आणि खाली. पाळकसाहेब म्हणाले, "अगदी निवांत जागा हवी, जिथं माणसाचा आवाज येणार नाही."

मी नाव दिलंय. तरुण संघात, त्रेसष्टाव्या वर्षी. आता सांग, डोंगर चढणाऱ्या बाईला सांभाळायला पुण्याला नेतात का?

तुझी,
लीला


घोरपडी, पुणे
२२ मार्च १९७४

लीले,

सलाम. पत्र वाचून हसू आलं आणि मग राग आला. तुझ्या घराच्या तीन पायऱ्या चढताना तू कठड्याला धरतेस, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तू म्हणे डोंगर चढणार! घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. गुडघा आहे तेवढाच बरा होत नाही, त्यात हा डोंगर कशाला?

माझ्याकडे बघ. अडुसष्ट पुरी झाली, पण रोज पहाटे कालव्याच्या काठानं दोन मैल चालतो. बाळाबाई स्वयंपाकाला येते, भाकरी उत्तम करते. मुलगा भिलाईहून दर महिन्याला पत्र पाठवतो. माझं सगळं वेळेवर चाललं आहे. प्रश्न तुझा आहे. एकटी बाई, दुखरा गुडघा, आणि रात्री-अपरात्री कोणीही दार वाजवलं की पिशवी घेऊन निघायचं. पुन्हा पडलीस तर कोण उचलणार?

तरी मी अन्यायी माणूस नाही. त्या कातळावर तू स्वतःच्या पायांनी, कोणाच्या खांद्यावर न बसता पोचलीस, तर तुझा शब्द मी तुला परत केला. टेम्पो रद्द, पुन्हा पुण्याचं नाव काढणार नाही. नाही पोचलीस, तर सत्तावीस तारीख, सकाळी आठ. आणि खरं काय ते लिहायचं. कबूल?

तुझा दादा,
शांतवन


कोल्हापूर,
२७ मार्च १९७४

प्रिय दादा,

कबूल, कबूल, कबूल. हे पत्र जपून ठेव, नंतर नाही म्हणशील.

तयारी जोरात आहे. चर्चच्या अकरा पायऱ्या मी रोज दोनदा चढते, रविवारी तीनदा. पहिल्या दिवशी चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळींतल्या गणपतरावांनी आस्थेनं विचारलं, "सिस्टर, काही विसरलं का आत?" दुसऱ्या दिवशी म्हणाले, "पुन्हा विसरलं?" तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली.

संघात एकंदर तेराजण आणि मी चौदावी. म्होरकी विमला. शाहूपुरीत एका कचेरीत टायपिस्ट आहे, बोटांपेक्षा तोंड जलद. मला आत्या म्हणते. पाळकसाहेबांनी उपासनेनंतर सहलीची तारीख जाहीर केली तेव्हा ही सगळी पोरं एकमेकांकडे बघून अशी खाली माना घालून बसली की साहेबांना वाटलं, किती गंभीर तरुण आहेत! प्रत्यक्षात बाकं हलत होती. तरुण रक्त, दुसरं काय.

पायथ्याच्या कुशिऱ्यापर्यंत एस.टी.नं जायचं, तिथून पायवाटेनं गायमुखाच्या पाण्यावरून वर. औषधांची पेटी मी बरोबर घेणार आहे. कुणाला काटा बोचला, कुणाचा पाय मुरगळला तर असावी.

तू कालव्यावर फिरताना पहाटेचा कानाला रुमाल बांधत जा.

तुझी,
लीला


कोल्हापूर,
८ एप्रिल १९७४

प्रिय दादा,

सलाम, सलाम आणि तिसरा सलाम! पोचले. कातळावर पोचले.

काय सांगू तुला! वाट उन्हाची होती, थोडीफार गर्दी होती, पण मन प्रसन्न होतं. वर गार वारा. खाली पंचगंगेचं पात्र चांदीच्या साखळीसारखं, चहूकडे उसाचे हिरवे पट्टे. पाळकसाहेबांनी शास्त्र वाचलं, सगळ्यांनी गीत गायलं, आणि त्या शांततेत आम्ही कितीतरी वेळ नुसते बसून राहिलो. संध्याकाळी सूर्य लालबुंद होऊन कोल्हापूरच्या मागे मावळला, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांची आठवण झाली.

गुडघा ठणठणीत. बाळासोला टेम्पोचं नको म्हणून सांगितलं. त्यानं मोठा गुळाचा खडा आणून दिला.

आता ईस्टरची तयारी. जास्त लिहीत नाही.

तुझी विजयी बहीण,
लीला


घोरपडी, पुणे
११ एप्रिल १९७४

लीले,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. मग कपाटातून जुना नकाशा काढला आणि तिसऱ्यांदा वाचलं.

जोतिबाच्या डोंगरापासून कोल्हापूर आग्नेयेला आहे. मी चौतीस वर्षं रूळ कुठून कुठे जातात हे बघण्यात घालवली, मला दिशा शिकवू नकोस. त्या कातळावरून कोल्हापूरच्या मागे सूर्य मावळायला तो आग्नेयेला मावळला पाहिजे. बायबलातल्या यहोशवासाठी सूर्य नुसता थांबला होता. तुझ्यासाठी त्यानं मार्गच बदलला, हे मोठंच. मंडळीला सांगितलंस का?

दुसरं. तुझं पत्र आलं तेव्हा शेजारचे गोडबोले पेपर द्यायला आले होते. तारीख ऐकून म्हणाले, "सहा एप्रिल? म्हणजे चैत्री पौर्णिमा. त्या दिवशी जोतिबाची यात्रा असते ना?" लीले, मी कोल्हापुरात वाढलो. त्या यात्रेला लाखांनी माणूस येतं, हत्तीच्या पाठीवर बसलं तरी पुढचं दिसत नाही. आणि तू लिहितेस 'थोडीफार गर्दी' आणि 'त्या शांततेत'!

तुमच्या पाळकांच्या कॅलेंडरात चैत्र नसेल. ते नगरचे, त्यांना माफ आहे. पण तुला यात्रा माहीत नव्हती, हे मी मेलो तरी मानणार नाही.

तू वर गेली नाहीस. काय झालं ते लिही. आणि सत्तावीस तारीख कायम.

तुझा दादा,
शांतवन

ता.क. आपण भावंडं कितीही भांडलो तरी एकमेकांना खोटं लिहीत नव्हतो. याचं वाईट वाटलं.


कोल्हापूर,
१६ एप्रिल १९७४

प्रिय दादा,

ईस्टर झाला, आता कबुली देते.

मला यात्रा माहीत होती. विमलाला माहीत होती. तेराच्या तेरा पोरांना माहीत होती. बाकं उगाच हलत नव्हती! जन्मापासून ह्या पोरांनी गल्लीतून यात्रेच्या सासनकाठ्या जाताना बघितल्यात, पण यात्रेला कुणाच्या घरचं पाठवत नाही. आणि इथं खुद्द पाळकसाहेब म्हणतात, चला डोंगरावर. गणपतरावांना माहीत होतं, घंटा वाजवणाऱ्याला माहीत होतं. अख्ख्या मंडळीत एकट्या पगारेसाहेबांना माहीत नव्हतं, आणि प्रत्येकानं विचार केला, आपण कशाला सांगा, दुसरा कोणी सांगेल.

मी का गप्प बसले ते ऐक. यात्रेला एस.टी. थेट डोंगरावर जादा गाड्या सोडते. माझा बेत असा की पोरं पायवाटेला लागली की मी हळूच मागे राहायचं, गाडीत बसायचं, आणि त्यांच्या आधी कातळावर जाऊन पदरानं वारा घेत बसायचं. हो, लबाडी. तुझ्या पत्रात 'स्वतःच्या पायांनी' हे शब्द होते, ते मी वाचून न वाचल्यासारखे केले.

खाली पोचलो तर काय! माणसं, बैलगाड्या, ढोल, हलग्या, पिपाण्या, आभाळाएवढ्या उंच, निशाणं लावलेल्या सासनकाठ्या, आणि सगळ्या मुलखावर गुलालाचा गुलाबी धूर. "चांगभलं!" असा आवाज उठला की पायाखालची माती हलायची. पाळकसाहेब चष्मा पुसत म्हणाले, "सिस्टर, आज इथे काही कार्यक्रम आहे का?" मी म्हटलं, "असेल काहीतरी." देव मला क्षमा करो.

गाड्यांचं म्हणशील तर दारातून माणसं लोंबकळत होती. मी तरी एकीत घुसायला गेले. कंडक्टर ओरडला, "आक्का, छपरावर बसतासा काय? जागा न्हाय!" गाडी गेली. मागे वळून बघते तर पोरं निघालेली. मग काय, चालू लागले. आणि दादा, चालले रे. यात्रेत माणूस चालत नाही, मागचे त्याला चालवतात. गायमुखापर्यंत मी अशी गेले की मला वाटलं, जिंकले. तिथं पाण्याशी वाकून तोंड धुतलं आणि उठायला गेले, तर गुडघा उठेना.

बसले एका दगडावर. विमला म्हणाली, "आत्या, मी थांबते." तिचा जीव वर जत्रेतल्या फिरत्या पाळण्यात अडकलेला. मी म्हटलं, "जा गं बाई." ती गेली ती अशी गेली की वाऱ्यालाही सापडली नसती.

आता मी तिथं बसून रडले, हे तुला सांगते. कुणाचं लक्ष नव्हतं म्हणून मोकळेपणानं रडले. पुण्याची तुझी खोली, तिथली खिडकी, मी खिडकीत बसलेली, आणि येणारे-जाणारे म्हणतायत, 'ह्या मास्तरांच्या बहीण.' एवढंच. त्यापुढे काही नाही. इथं मी लीला सिस्टर आहे. निम्म्या गल्लीची नाळ मी कापली आहे.

तेवढ्यात एक म्हातारी शेजारी येऊन धपकन बसली. चिमणाबाई, कबनूरची. पोरगे यंत्रमागावर कामाला, सासनकाठी घेऊन पुढे गेलेले. अनवाणी चालून तळवा भाजलेला आणि वर बाभळीचा काटा आत मोडलेला. पाय धरून विव्हळत होती. हात गप्प बसेनात, मी पेटी उघडली.

ती म्हणाली, "कोनच्या गावच्या?"

"कोल्हापूरची."

"दर्सनाला आलासा?"

"न्हाय. डोंगर बघायला. आमी ख्रिस्ती हाय."

तिनं माझ्याकडं बघितलं, चिमट्याकडं बघितलं, आणि म्हणाली, "आसंना का. काटा निघतोय न्हवं?"

निघाला. बोटाच्या पेराएवढा. तिनं तो तळहातावर घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला सुरुवात केली. "ह्या बाईनं काडला बगा! दुखलं बी न्हाय!" दादा, ही जाहिरात आपल्या दवाखान्याला पस्तीस वर्षांत जमली नाही. दहा मिनिटांत माझ्यापुढे रांग. फोड, काटे, ठेचा, सोललेल्या टाचा. लातूरकडची माणसं आठ-आठ दिवस चालत आलेली. चिमणाबाई रांगेला शिस्त लावत होती. "ओ पावणं, मागं सरका! म्हातारीला म्होरं घ्या! हात लावू नगा पेटीला!" कापूस संपला तेव्हा एकानं आपला नवा फेटा सोडून दिला, चिंध्या करायला. मी नको म्हटलं तर म्हणाला, "द्येवाच्या वाटंवर फाटतोय, फाटू द्या की." जांभळं औषध होतं म्हणून निभावलं. वर गुलाल आणि खाली जांभळे पाय, अशी यात्रा त्या दिवशी पुढे गेली.

चार वाजता वरून पाळकसाहेब आले. मी आधी ओळखलंच नाही. डोक्यापासून बुटापर्यंत गुलाबी, आणि चष्म्याची एक काच फुटलेली. लोक देवावर खोबरं उधळतात, त्यातली एक वाटी नेमकी त्यांच्या डोळ्यावर बसली होती. ते म्हणाले, "सिस्टर, मी कातळावर पोचलो. मागे वळून पाहिलं, तर एकही तरुण नाही." दोन तास ते एकटेच बसले होते. चौदाजणांचे डबे त्यांच्या आणि त्यांनी ठरवलेल्या हमालाच्या पाठीवर. शेवटी बीडकडचं एक कुटुंब सावली शोधत आलं, त्यांना साहेबांनी जेवायला वाढलं. त्यांनी साहेबांना विडा दिला आणि वर गुलाल लावला. साहेब म्हणाले, "नाही म्हणायला जागाच नव्हती, तेही माझंच जेवत होते."

मग ते माझ्यापुढची रांग बघत उभे राहिले. मला वाटलं, आता विचारतील, तुम्हाला माहीत होतं का. त्यांनी अंगरख्याच्या बाह्या सरसावल्या, घागर उचलली आणि म्हणाले, "मी पाणी ओततो. तुम्ही धुवा." दिवे लागायच्या वेळेपर्यंत ओतत होते. विमला आणि पोरं पाळण्यात बसून, भेळ खाऊन, गुलालात लोळून खाली आली आणि हे बघून अशी माना खाली घालून उभी राहिली की मला त्यांचीच दया आली.

कातळावरच्या देखाव्याचं जे मी तुला लिहिलं ते विमलानं सांगितलेलं; साहेब उतरल्यावर आपण तिथं जाऊन आलो, असं ती म्हणाली होती. ती पाळण्याच्या पुढे गेली नव्हती, हे मला तुझ्या पत्रानंतर कळलं. ती म्हणते, "आत्या, पाळण्यातनं दिसला की सूर्य." पाळणा फिरत होता, तेव्हा सूर्यानं कुठल्याही दिशेला मावळावं.

दुसऱ्या दिवशी झावळ्यांचा रविवार. गुलाल तीन साबणांनी जात नाही, तुला माहीत आहे. गायकवर्ग पांढऱ्या कपड्यांत झावळ्या घेऊन उभा राहिला, तेरा जोड गुलाबी कान! आयाबापांनी त्या कानांकडं बघितलं आणि कुणी काही बोलणार, तेवढ्यात पाळकसाहेब व्यासपीठावर चढले. मान गुलाबी, भुवया गुलाबी, चष्म्याला चिकटपट्टी. म्हणाले, "काल आपल्या तरुण संघाची सहल पार पडली. देखावा उत्तम होता. शांतता अपेक्षेहून थोडी कमी होती." सगळी मंडळी हसली, आणि साहेबही. बाहेर पडताना गणपतराव माझ्या कानाला लागले, "सिस्टर, पुढच्या साली मला बी सांगा की!"

तर हे असं. मी कातळावर गेले नाही. निम्म्यात बसले. तुला खोटं लिहिलं, कारण मला यायचं नव्हतं, आणि अजूनही नाही. पण मी हरले. बाळासोला सत्तावीसचं पुन्हा सांगितलं आहे. भांडी बांधायला घेतली.

तुझी,
लीला


घोरपडी, पुणे
२० एप्रिल १९७४

लीले,

भांडी सोड.

तुझं पत्र घेऊन दोन दिवस बसलो आहे. माझ्याकडूनही काही यायला हवं.

मी कालव्यावर फिरत नाही. नोव्हेंबरात शेवटचा गेलो. त्या दिवशी घेरी आली म्हणून कट्ट्यावर बसलो. लोक जमले. एका भल्या तरुणानं विचारलं, "आजोबा, घर कुठं आहे तुमचं?" आणि मला सांगता येईना. दोन-तीन मिनिटंच. गोडबोले बाजारातून येत होते, त्यांनी घरी आणलं. चौतीस वर्षं मी लोकांना त्यांची गाडी कुठल्या फलाटावर लागेल ते सांगितलं, आणि मला माझं घर सांगता येईना. त्या दिवसापासून मी एकट्यानं जिना उतरलेलो नाही. तुझा गुडघा सुजल्याचं ऐकून जानेवारीत आलो होतो ना, तेव्हाही गोडबोल्यांच्या मुलानं हाताला धरून आणलं आणि नेलं. तुला म्हटलं, त्याला कोल्हापूर बघायचं होतं.

बाळाबाई दिवाळीतच काम सोडून गेली. सात मिनिटं उशीर झाला म्हणून मी तिला बोललो होतो. दूध-पाव खातो.

तुझी काळजी वाटते असं मी लिहीत होतो. वाटते, नाही असं नाही. पण तू तापात होतीस आणि मी तुझ्याकडून शब्द काढून घेतला, कारण मला इथं एकट्याला भीती वाटते. हे मला सरळ लिहिता आलं असतं. लिहिलं नाही. मोठा भाऊ होतो ना.

तू हरलीस असं मी मानत नाही. शब्द परत केला. राहा तिथं, आणि काटे काढ. माझं चालेल.

तुझा,
शांतवन


कोल्हापूर,
२३ एप्रिल १९७४

दादा,

'माझं चालेल' म्हणे. काय चालेल? दूध आणि पाव?

नीट वाच, झेंडी आता माझ्या हातात आहे. बाळासो शनिवारी सत्तावीसला गूळ घेऊन पुण्यात येतो. रविवारी सकाळी सात वाजता तो तुझा जिना चढून वर येईल. त्याला सांगितलंय, हात धरायचा, पण वाद घालायचा नाही. तो म्हणाला, "आक्का, मास्तरांनी न्हाय म्हटलं तर?" मी म्हटलं, "तर ढेपेसारखं उचल." कपडे, चष्मा आणि मुलाची पत्रं घे. नकाशाही आण, पगारेसाहेबांना दाखवायचा आहे. पुढच्या सहलीची तारीख तू ठरवायची, असं त्यांनी आपणहून म्हटलं आहे. चैत्र, वैशाख, अमावास्या, सगळं बघून.

माझ्याकडे दीड खोली आहे. अर्धी तुझी. सात मिनिटांचं कुणाला बोलायचं नाही, इथं सगळेच अर्धा तास उशिरा येतात. आणि संध्याकाळी फिरायला जायचं. कुठं घेरी आली, काही आठवेना झालं, तर घाबरायचं नाही, जिथं असशील तिथं बसायचं. कुणीतरी विचारेलच, "पावणं, कुणाकडं?" त्या वेळी माझं नावसुद्धा आठवलं नाही तरी चालेल. तू नुसता बसून राहा. ह्या गावात तुला लीला सिस्टरचा भाऊ म्हणून दुपारपर्यंत सगळे ओळखायला लागतील. ते आणून पोचवतील.

तुझी कीव आली म्हणून बोलावते आहे, मला एकटीला काही अडत नाही, असं लिहिणार होते. पण ह्या महिन्यात आपण दोघांनी पुष्कळ खोटं लिहिलं. ये.

लीला